घरांत नवा दूरचित्रवाणी-संच घेतांना

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची झाली म्हणजे ती कां आणावयाची हा प्रश्न आधीं विचारावा व कोणती आणावयाची हा मागाहून विचारावा, असा आमच्या वडिलांचा परिपाठ होता. दूरचित्रवाणी-संचाच्या बाबतींत आम्हीं हा क्रम उलटा केला, आणि त्याचें प्रायश्चित्त घरांतील ज्या व्यक्तीचा कांहींच अपराध नव्हता तिला भोगावें लागलें. ही हकीकत २०१३ सालची. तीस आतां एक तप होऊन गेलें आहे. परंतु संच बिघडणें, नवा घेणें, आणि तो घेतांना दुकानदाराच्या शब्दावर विसंबणें हे प्रसंग सर्वच घरीं पुन्हां पुन्हां येणारे असल्यामुळें ती वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें.

आमचें घर सदाशिव पेठेंतलें, जुनें, दुमजली. त्या वर्षीं घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें होतीं. आमच्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी, म्हणजे थोरल्या वहिनी. त्यांचे दोन मुलगे, सुना व चार नातवंडें. आणि आम्ही उभयतां. संच तीन होते. बैठकींत १९९९ सालीं क्रिकेटच्या विश्वचषकाच्या निमित्तानें घेतलेला २९ इंची. माडीवर पुतण्यांकडे दुसरा. आणि माजघराशेजारच्या खोलींत वहिनींपाशीं तिसरा. हा तिसरा सर्वांत जुना. रविवारीं सकाळीं ‘रामायण’ लागे त्या काळांत, १९८७ सालीं, बंधूंनीं तो हप्त्यानें घेतला होता. केबलची एकच तार गच्चीवरून उतरे आणि तिला स्प्लिटर लावून ती तिन्ही ठिकाणीं नेलेली होती. पैसे मात्र एकाच जोडणीचे. हें न्याय्य होतें कीं नाहीं याचा विचार, मुलांना संस्कृत व नीतिपाठ शिकविण्यांत उभें आयुष्य घालवूनहि, आम्हीं कधीं केला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

केंद्र सरकारनें केबल दूरचित्रवाणीच्या १९९५ सालच्या कायद्यांत २०११ सालीं दुरुस्ती करून जुन्या पद्धतीचें प्रसारण टप्प्याटप्प्यानें बंद करावयाचें ठरविलें. मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई हीं चार महानगरें पहिल्या टप्प्यांत होतीं. मुंबईस ३१ ऑक्टोबर २०१२ ही अखेरची तारीख मिळाली. दुसऱ्या टप्प्यांत ३८ शहरें होतीं. त्यांत पुणें, नागपूर, नाशिक हीं आलीं, आणि त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ रोजीं संपणार होती. जुन्या पद्धतींत प्रत्येक वाहिनीस तारेंत एक स्वतंत्र जागा लागे, व ऐंशी-शंभर वाहिन्या झाल्या कीं तार भरून जाई. अंकीय, म्हणजे डिजिटल, पद्धतींत चित्राचें आंकड्यांत रूपांतर करून तें दाबून बसवितात, त्यामुळें तेवढ्याच एका जागेंत दहा-बारा वाहिन्या मावतात. हें झालें विज्ञानाचें कारण. दुसरें व्यवहाराचें. कोणता केबलवाला किती घरांस चित्र पुरवितो हें पूर्वीं त्याच्या सांगण्यावरच मानावें लागे. आतां प्रत्येक संचापाशीं क्रमांक घातलेला एक डबा, सेट-टॉप बॉक्स, बसावयाचा होता. डबे मोजले कीं गिऱ्हाइकें आपोआप मोजलीं जाणार होतीं.

हा डबा एका वेळीं एकाच संचाच्या उपयोगाचा. येथेंच एकत्र कुटुंबाची अडचण झाली. तीन संच म्हणजे तीन डबे, आणि दरमहा तीन शुल्कें. निःशुल्क अशा शंभर वाहिन्या महिना १०० रुपयांहून अधिक न घेतां द्याव्या असें नियामक प्राधिकरणानें ठरविलें होतें खरें, पण क्रिकेट, मालिका आणि मुलांचीं व्यंगचित्रें यांचें तेवढ्यांत भागत नव्हतें. एकाच घरांतील दुसऱ्या संचाला पहिल्याइतकेंच जोडणी-शुल्क लावूं नये, फार तर शेंकडा ४० लावावें, हें शहाणपण नियमांत आलें तें २०२० सालीं. तोंवर आमच्यासारखीं घरें आपल्या परीनें तोड काढीत राहिलीं.

मार्चच्या आरंभीं एका रविवारीं जेवणें झाल्यावर घरची सभा भरली. धाकटा पुतण्या म्हणाला, “काका, आता सगळंच डिजिटल होणार. आपला जुना टी. व्ही. चालायचाच नाही. नवा डिजिटल टी. व्ही. घ्यायलाच हवा.” वर्तमानपत्रांतील दुकानांच्या जाहिरातीहि हेंच सुचवीत होत्या, स्पष्ट म्हणत नसत, पण वाचणाऱ्याचा समज तोच होई. वस्तुतः ही गोष्ट साफ खोटी होती. डब्याचें कामच मुळीं तें कीं, आंकड्यांत आलेलें चित्र उलगडून जुन्या संचास समजेल अशा रूपांत त्याच्या स्वाधीन करावें. ज्या संचाच्या पाठीशीं पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या अशा तीन तारांच्या खोबणी आहेत त्याला डबा खुशाल जोडतां येत असे, आणि आमच्या बैठकींतील २९ इंची संचाला त्या होत्या. तो चांगला चालतहि होता. परंतु हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें, व ठाऊक करून घेण्याचे कष्टहि आम्हीं घेतले नाहींत. घरांतील तरुण माणसें यंत्रांविषयीं जें सांगतात तें मुकाट्यानें मान्य करणें हा हल्लीं वृद्धांचा धर्म होऊन बसला आहे.

सभेंत असें ठरलें कीं बैठकीस नवा संच व डबा, माडीवर डबा, आणि वहिनींच्या खोलीला कांहीं नाहीं. त्यांच्या संचाला त्या तीन खोबणी नव्हत्या. अँटेनाची तार लावण्यापुरतें एकच भोंक. केबलवाला जो डबा देणार होता तो तेथें बसत नव्हता. मध्यें एक मॉड्युलेटर घातला असतां तो बसला असता, पण तेवढी चौकशी कोण करतो? वहिनी पानाचा डबा पुढें ओढीत म्हणाल्या, “माझं काय अडलंय? मी बैठकीत येऊन बघीन.” हा प्रश्न एका वाक्यांत सुटला याचें आम्हां सर्वांस समाधानच वाटलें. आम्हींहि मान डोलावली.

मग दुकान. शहरांतील एका मोठ्या दुकानांत भिंतभर संच एकाच वेळीं चालू होते आणि प्रत्येकावर समुद्रांतील मासे, फुलें व बर्फाचीं शिखरें झळकत होतीं. डोळे दिपावेत असे रंग! आम्हीं विक्रेत्या मुलास म्हटलें, “बाळ, यावर आपल्या साध्या मराठी बातम्या लावून दाखव.” तो म्हणाला, “सर, आमच्याकडे केबल नाही. पण घरी असंच दिसेल.” त्यावर विश्वास ठेवून आम्हीं ४० इंची संच घेतला.

घरीं तसें दिसलें नाहीं. मासे नव्हते, शिखरें नव्हतीं. नेहमींच्या बातम्या होत्या, आणि वृत्तनिवेदिकेचा चेहरा धुक्यांतून पाहावा तसा होता. शिवाय ती एका रात्रींत लठ्ठ झाली होती. नातवंडें हंसूं लागलीं. दोष संचांत असेल म्हणून पुतण्यानें दुकानांत फोन केला. डब्यांत असेल असें दुकानदार म्हणाला. संचांत असेल असें केबलवाला म्हणाला. दोघेहि चूक होते. दोष मापांत होता, व तो आम्हांस शाळेंतील पट्टी घेऊन बसल्यावर उमगला. तेवढें गणित येथें सांगतों, कारण तें आजहि उपयोगी आहे.

दुकानदार संचाचें जें माप सांगतो तें कर्णाचें, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचें. ज्यांनीं ‘लीलावती’ वाचली असेल त्यांस भुज, कोटि व कर्ण यांचें नातें सांगावयास नको. जुन्या संचाची रुंदी व उंची यांचें प्रमाण ४ ला ३ असे. तेव्हां कर्ण ५, हा तर शुल्बसूत्रांपासूनचा परिचित त्रिकोण. उंची कर्णाच्या तीन-पंचमांश. नव्या संचांचें प्रमाण १६ ला ९. तेथें उंची कर्णाच्या निम्म्याहूनहि किंचित् कमी. आमच्या जुन्या २९ इंची संचाची कांच मोजली तेव्हां दिसणारा भाग २७ इंच भरला, अर्थात् उंची १६ इंचांहून थोडी अधिक. दुकानांतील ३२ इंची संचाची उंची पावणेसोळा इंच. म्हणजे २९ चा टाकून ३२ चा घेणारा गृहस्थ आपण मोठा संच आणला अशा समजुतींत असतो, पण चौकोनी मराठी मालिका त्यावर मूळच्या आकारांत पाहूं लागला तर ती पूर्वीपेक्षां लहानच दिसते. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात त्या निराळ्याच. त्या पट्ट्या डोळ्यांस खुपतात म्हणून मुलें रिमोटवरची एक कळ दाबून चित्र ताणतात. मग रुंदी एक-तृतीयांशानें वाढते आणि सर्व माणसें पोळीसारखीं पसरट होतात. वृत्तनिवेदिकेच्या लठ्ठपणाचें रहस्य एवढेंच होतें.

धुक्याचें कारण अंतरांत होतें. साध्या प्रसारणांत चित्र ६२५ रेषांचें असतें, व त्यांतील ५७६ प्रत्यक्ष दिसतात, एच. डी. प्रसारणांत १०८० रेषा. रेषा कमी असतील तर दुरून पाहिलें पाहिजे. साध्या चित्रासाठीं पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतर आणि एच. डी. साठीं तिप्पट, असा या शास्त्रांतील लोकांचा ठोकळा आहे. आमच्या ४० इंची संचाची उंची साडेएकोणीस इंच. सहापट म्हणजे जवळजवळ दहा फूट. बैठक एकंदर अकरा फूट, आणि त्यांत भिंतीशीं दिवाण, पुढें खुर्च्या, त्यापुढें जमिनीवर मुलें. सहा फुटांच्या पलीकडे बसणारें घरांत दिवाणावरच्या दोघांवांचून कोणी नव्हतें. एच. डी. चा डबा घेतला असता तर तें अंतर पुरेसें होतें, परंतु तो महाग, आणि त्या वर्षीं आमच्या पाहण्यांतल्या बहुतेक मराठी वाहिन्या साध्याच होत्या. जुन्या नळीच्या संचावर त्याच वाहिन्या गोड दिसत. नवें यंत्र जुन्या चित्रावर भिंग धरतें, म्हणून आधीं आपण काय पाहतों तें पाहावें आणि मग यंत्र पाहावें.

आणखी दोन गोष्टी, ज्या दुकानांत कोणी सांगत नाहीं. कांहीं पातळ पडद्यांवरील चित्र समोरून उत्तम व बाजूनें फिकें दिसतें. एकट्यादुकट्याच्या घरीं तें चालतें, पण जेथें नऊ-दहा माणसें अर्धवर्तुळांत बसतात, कोणी जमिनीवर, कोणी उंबऱ्यांत, तेथें संच घेण्यापूर्वीं दुकानांत बाजूला जाऊन व खालीं वांकून पाहिलेंच पाहिजे. लोक हंसले तर हंसूं द्यावेत. दुसरी गोष्ट आवाजाची. जुन्या पेटीला पुढच्या बाजूस मोठे ध्वनिवर्धक होते. पातळ संचांत त्यांस जागाच नाहीं. लहानसे ध्वनिवर्धक मागें किंवा खालीं तोंड करून बसविलेले असतात आणि शब्द भिंतीवर आपटून मग कानीं येतात. तरुण कानांस फरक कळत नाहीं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या कानांस गाणें ऐकूं येतें, पण बोलणें समजत नाहीं.

वहिनी पहिल्या दोन संध्याकाळीं बैठकींत आल्या. थोडा वेळ बसल्या, “चित्र मोठं छान आहे हो,” म्हणाल्या आणि उठून गेल्या. पुढें आल्या नाहींत. सातच्या मराठी बातम्यांच्या वेळीं बैठकींत कधीं व्यंगचित्रें तर कधीं क्रिकेट चालू असे, हेंहि एक कारण असावें. कोणाच्याहि लक्षांत आलें नाहीं. लक्षांत न येण्याइतकें त्यांचें वागणें शांत होतें.

३१ मार्च गेला. वहिनींच्या खोलींतील संचावर मुंग्या दिसूं लागल्या. ११ एप्रिल रोजीं गुढीपाडवा होता. सकाळीं कडुनिंबाचा प्रसाद द्यावयास आम्ही त्यांच्या खोलींत गेलों तों संचावर हातानें विणलेलें पांढरें झांकण घातलेलें, आणि त्यावर बंधूंचा फोटो. म्हटलें, “वहिनी, हें केव्हां केलंत?” त्या म्हणाल्या, “झाले आठ-दहा दिवस. धूळ बसते. भाऊजी, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. जपाला वेळ मिळतो तेवढाच बरा.” सहा खोल्यांच्या घरांत दहा दिवस एक माणूस संध्याकाळीं भिंतीकडे पाहत बसतें आणि पांच पावलांवर दहा माणसें नव्या पडद्यावरील चेहरे लठ्ठ कां दिसतात याची चर्चा करीत असतात! त्या दिवशीं श्रीखंड आम्हांस गोड लागलें नाहीं.

रात्रीं न्यू जर्सीहून आमच्या भाच्याचा नववर्षाचा फोन आला. सगळी हकीकत ऐकून त्यानें एकच प्रश्न विचारला: “मामा, तुमच्याकडे बंद झालं ते तारेतलं की हवेतलं?” त्याच्याकडे १२ जून २००९ रोजीं मोठ्या केंद्रांचें हवेंतून येणारें जुन्या पद्धतीचें प्रसारण बंद झालें होतें. तेथें केबलवाल्यांचें कांहीं अडलें नाहीं. छपरावर अँटेना लावणाऱ्यांस रूपांतरक डबा घ्यावा लागला, व त्यासाठीं सरकारनें मागेल त्या घरास ४० डॉलरचीं दोनपर्यंत कूपनें दिलीं. आमच्याकडे नेमकें उलट होतें. नव्या कायद्यानें बंद झालें तें केवळ तारेंतलें. दूरदर्शनचें हवेंतून येणारें चित्र जुन्याच पद्धतीनें चालू होतें, आणि १९७३ सालीं आम्हीं मॅट्रिकच्या वर्गांत असतांना ज्या सिंहगडावरून पुण्यास मुंबई केंद्राचें चित्र प्रथम दिसूं लागलें तो सिंहगड आमच्या गच्चीवरून नैर्ऋत्येस अजून दिसत होता. घरांत अकरा माणसें, त्यांत दोन पदवीधर अभियंते, आणि हें कोणास सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तपकीर गल्लींत गेलों. अँटेना मागतांच दुकानदार प्रथम हंसला, मग माळ्यावरून एक माशाच्या सांगाड्यासारखी काढून दिली. अडीचशें रुपये पडले. संध्याकाळीं थोरला नातू गच्चीवर, दुसरा जिन्यांत, आम्ही अंगणांत, असे निरोप्यांची सांखळी करून उभे राहिलों. “आलं! गेलं! पुन्हा आलं!” चाळीस वर्षांपूर्वींचा हा गजर मुलांस अगदींच नवा होता, त्यांस त्याची इतकी गंमत वाटली कीं माडीवरचें क्रिकेट त्यांनीं सोडलें. तरी चित्रावर सावली राहीना म्हणेल तर शपथ! शेवटीं वहिनी खोलीच्या दारांत आल्या आणि म्हणाल्या, “अरे, गडाच्या बुरुजावर नका धरू. त्याच्या जरा डावीकडे टॉवर आहे. हे नेहमी तिथे धरायचे.” नातवानें दांडी तसूभर फिरविली आणि चित्र स्वच्छ झालें. आवाज तर पहिल्यापासूनच स्वच्छ होता, त्या पेटीचा ध्वनिवर्धक मुठीएवढा होता ना!

पुढें असें होऊं लागलें कीं सातच्या सुमारास वहिनींच्या खोलींत आमच्याखेरीज आमची पत्नी, धाकटी सून आणि अभ्यास टाळणारें एखादें नातवंड येऊन बसे. बैठकींतील ४० इंची संच त्या वेळीं बहुधा एकट्या पुतण्याच्या ताब्यांत असे. वहिनी २०१६ सालीं गेल्या. शेवटच्या आजारापर्यंत तो संच चालू होता.

बैठकींतला संच सात वर्षें टिकला. २०२० सालीं पडद्यावर उभी काळी रेघ आली आणि दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळपास जाऊं लागला. या खेपेस सभेंत प्रथम कोणी किती इंच असें विचारलें नाहीं. थोरल्या नातवानें बैठकीचा आराखडा काढला, कोण कोठें बसतें तें त्यावर मांडलें आणि अंतरें मोजलीं. डबा एच. डी. चा घेतला. दुकानांत जातांना पुतण्यानें साध्या वाहिनीचें पांच मिनिटांचें चित्रण एका लहान पेनड्राइव्हवर नेलें, आणि विक्रेत्यास तें सर्व संचांवर लावावयास सांगितलें. तीन संच त्यांतच बाद झाले. आवाजासाठीं एक लांबट ध्वनिवर्धक निराळा घेतला, कारण आतां वहिनींच्या जागीं कान पुढें करून बसणारे आम्ही आहों. दरमहा पैसे भरावयाचे नसतील त्यांनीं दूरदर्शनच्या निःशुल्क तबकडीचा विचार अवश्य करावा. ती योजना २००४ सालच्या डिसेंबरांत सुरू झाली, तिला एकदां तबकडी व डबा बसविला कीं मासिक शुल्क नाहीं, आणि आमच्या गांवाकडच्या चुलत्यांचें घर तिच्यावरच चालतें.

प्रसार भारतीनें २०२१ सालीं जाहीर केलें कीं मोक्याच्या जागचीं सुमारें पन्नास सोडून देशांतील जुन्या पद्धतीचीं जवळजवळ सर्व प्रक्षेपण-केंद्रें मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. अँटेना आम्हीं त्यानंतर उतरविली. वहिनींचा संच खोलींतच होता; तो भंगारवाल्यास देऊं नका असें नातवानें बजाविलें, कारण नळीच्या कांचेंत शिसें असतें आणि भंगारवाला ती फोडून तांबें तेवढें काढून घेतो. ई-कचरा रीतसर घेणाऱ्यांकडे त्यानें तो स्वतः नेऊन पोहोंचविला. विणलेलें झांकण धाकट्या सुनेनें काढून ठेवलें आहे.